आल्फ्रेड वेगेनर : हिमाचे थर वाचणारा संशोधक

देव वावटळीतून ईयोबाशी बोलतो, तेव्हा तो त्याला जे अनेक प्रश्न विचारतो त्यांत हिमाच्या साठ्यांविषयीही एक प्रश्न आहे. ते साठे पाहण्यात व मोजण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, अशा एका संशोधकाची ही जीवनकथा आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील रिखार्ड वेगेनर हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक व प्राचीन भाषांचे शिक्षक असून एक अनाथाश्रमही चालवीत असत. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. १९०५ साली त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परंतु त्यांचे मन रमले ते हवामानशास्त्रात. १९०६ साली ते एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले. त्या मोहिमेचा नायक व त्याचे दोन सोबती बर्फात मरण पावले. तरीही वेगेनर यांची त्या प्रदेशाची ओढ कमी झाली नाही.

ग्रीनलंडचा बहुतेक भाग बर्फाखाली आहे. मध्यभागी हा बर्फ सुमारे तीन हजार मीटर जाड आहे. दरवर्षी पडणारे हिम मागच्या वर्षीच्या हिमावर साचते आणि दाबाने त्याचा बर्फ होतो. त्यामुळे जितके खाली जावे तितका जुना काळ हाती लागतो.

१९१२-१३ साली वेगेनर, डॅनिश अधिकारी कोक व दोन सोबती अशा चौघांनी ग्रीनलंड पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले. पश्चिम किनाऱ्याजवळ अन्न संपले. शेवटचा घोडा आणि मग कुत्राही खावा लागला. त्याच वेळी उपरनाविकचे पाळक दूरच्या एका मंडळीच्या भेटीस चालले होते. त्यांना हे चौघे दिसले व त्यांचे प्राण वाचले. एका पाळकाची एक साधी भेटफेरी, पण ती कोणाच्या जिवाला उपयोगी पडली पाहा!

पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यावर, १९१५ साली, वेगेनर यांनी खंड एकेकाळी जोडलेले होते व पुढे सरकत दूर गेले हा विचार ग्रंथरूपाने मांडला. भारत व आफ्रिका या आजच्या उष्ण देशांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आहेत, तर आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटावर उबदार हवेतील वनस्पतींचे अवशेष सापडतात, हा त्यांचा एक पुरावा होता. अनेक विद्वानांनी त्यांची थट्टा केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६०च्या दशकात, खंड सरकतात हे मान्य झाले.

१९२४ साली त्यांनी आपले सासरे कोपेन यांच्याबरोबर प्राचीन हवामानावर ग्रंथ लिहिला. सर्बियाचे गणिती मिलांकोविच यांचे गणित त्यात छापले होते. पृथ्वीची कक्षा व आसाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतो. त्यामुळे उत्तरेकडील उन्हाळा थंड झाला की हिवाळ्यातले हिम वितळत नाही, ते साचत जाते व हिमयुग येते. आज आपल्याला माहीत आहे की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले होते की समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती.

१९३० साली वेगेनर स्वतः मोहिमेचे नायक होऊन निघाले. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मध्यावर, गेऑर्गी व झोर्गे हे दोघे ठाण मांडून होते. समुद्रातील बर्फामुळे मोहिमेला उशीर झाला होता आणि त्या दोघांजवळचा साठा अपुरा होता. वेगेनर यांनी हे काम दुसऱ्यावर टाकले नाही. २१ सप्टेंबरला लोव्हे हे सहकारी व तेरा ग्रीनलंडवासी यांना घेऊन, कुत्र्यांच्या गाड्यांवर सामान लादून ते निघाले. वादळ व थंडी असह्य होऊन एकेक जण परतला. सामानही बहुतेक वाटेत सोडावे लागले. रास्मुस विलुमसेन हा एकच ग्रीनलंडवासी तरुण सोबत राहिला. ३० ऑक्टोबरला ते पोहोचले, तेव्हा लोव्हे यांच्या पायाची बोटे हिमदंशाने निकामी झाली होती. पाच जणांना हिवाळाभर पुरेल एवढे अन्न तेथे नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रास्मुससह परत निघाले.

ते किनाऱ्याला पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वाटेवर त्यांचा देह सापडला. रास्मुसने तो नीट गुंडाळून पुरला होता आणि जागेची खूण म्हणून स्की उभ्या रोवल्या होत्या. स्वतः रास्मुसचा मात्र पत्ता लागला नाही.

मागे राहिलेले तिघे जगले. त्या हिवाळ्यात झोर्गे यांनी बर्फात सुमारे १५ मीटर खोल विहीर खणून वर्षावर्षाचे थर तपासले. पुढे १९६६ साली कॅम्प सेंच्युरी येथे छिद्र तळापर्यंत गेले, आणि २००३ साली दुसऱ्या ठिकाणी तीन हजार मीटरांहून खोलवरचा बर्फ हाती आला. त्यातून एक लाखाहून अधिक वर्षांचे हवामान वाचता आले. हा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे सात मीटर चढतील, हेही आज ठाऊक आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा दोन नावे सांगा. वेगेनर यांचे नाव ग्रंथांत आहे. रास्मुसने ग्रंथ लिहिला नाही, पण सगळे परतले तेव्हा तो थांबला, आणि आपल्या नायकाला उघड्यावर न टाकता मगच पुढे गेला. देवाची सृष्टी जाणून घेणे हे मोठे काम आहे. सोबत्याला न सोडणे हे त्याहून लहान काम नाही.