एकाच गावात मोठा संघ आणि पोरांचा संघ : टोरांटोचे कॉन स्माइथ

आपल्याकडे हॉकी म्हटलं की बेळगावचे बंडू पाटील किंवा महूचे शंकर लक्ष्मण आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथल्या टोरांटो शहरातल्या कॉन स्माइथ यांची ही गोष्ट.

स्माइथ यांचा जन्म १ फेब्रुवारी १८९५ चा, टोरांटोतलाच. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, मिलिटरी क्रॉस मिळाला. नंतर विमानदलात गेले. १९१७ मध्ये विमान पाडलं गेलं आणि उरलेलं युद्ध जर्मनांच्या कैदेत गेलं. परत येऊन इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि वाळू-खडीचा धंदा टाकला. सोबत विद्यापीठाच्या हॉकी संघाला शिकवणं चालूच.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेंजर्स क्लबने नवा संघ जमवायचं काम त्यांना दिलं, आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच काढूनही टाकलं. त्यांनी जमवलेल्या खेळाडूंच्या जोरावर रेंजर्सनी १९२८ ला स्टॅनली कप जिंकला! तोवर स्माइथ गप्प बसले नव्हते. टोरांटोचा सेंट पॅट्रिक्स संघ विक्रीला होता. फिलाडेल्फियावाले दोन लाख डॉलर द्यायला तयार होते. स्माइथ यांनी भागीदार गोळा करून १ लाख ६० हजारांत संघ गावातच ठेवला आणि १९२७ मध्ये त्याचं नाव मेपल लीफ्स केलं.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या संघाला दरवर्षी नवे खेळाडू लागतात. ते बाजारातून घ्यायचे तर पैसा ओतावा लागतो. टोरांटोत मार्लबोरोज नावाचा तरुणांचा संघ होता आणि तो बघायचे फ्रँक सेल्के. सेल्के व्यवसायाने इलेक्ट्रिशियन, कामगार संघटनेतले. १९२९ ला या पोरांनी मेमोरियल कप आणला. त्यांच्यातले चार्ली कोनाकर आणि बुशर जॅक्सन थेट मेपल लीफ्समध्ये गेले. पोरगं त्याच गावात खेळतंय, मालक स्वतः जाऊन बघतोय. मग घेताना फसगत कमी. हिशेबाच्या माणसाला हे लगेच पटतं.

मंदीच्या ऐन काळात, १९३१ मध्ये, स्माइथ यांनी मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम पाचेक महिन्यांत उभं केलं. पैसे कमी पडले तेव्हा मजुरीचा काही भाग शेअर्सच्या रूपात घ्यायला सेल्के यांनी कामगारांना राजी केलं. १२ नोव्हेंबरला उद्घाटन झालं, १३,२३३ प्रेक्षक आले आणि संघ शिकागोकडून २-१ ने हरला. पण त्याच हंगामात स्टॅनली कप टोरांटोत आला. पुढे मार्लबोरोजचे सामनेही इथेच व्हायचे. मोठा संघ बाहेरगावी असला तरी गेटवर तिकीट फाटायचं.

व्यावसायिक दुय्यम संघ मात्र गावात नव्हता. १९४५ ते १९५६ तो पिट्सबर्गला, म्हणजे सीमेपलीकडे दुसऱ्या देशात होता.

सेल्के यांच्याशी मात्र स्माइथ नीट वागले नाहीत, असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात स्माइथ पुन्हा सैन्यात गेले. मागे सेल्के यांनी १९४३ मध्ये फ्रँक एडॉल्स देऊन टेड केनेडी घेतला. न विचारता व्यवहार केला म्हणून स्माइथ भडकले. केनेडीच्या काळात संघाने पाच कप जिंकले, तरी राग गेला नाही. १९४६ ला सेल्के राजीनामा देऊन माँट्रियलला गेले. तिथे त्यांनी ठिकठिकाणी तरुणांचे संघ उभे केले आणि माँट्रियलने १९५६ ते १९६० सलग पाच कप नेले. ज्या माणसाने टोरांटोला पोरं घडवायला शिकवलं, तोच प्रतिस्पर्ध्याकडे गेला.

मार्लबोरोजचा कारभार पुढे मुलगा स्टॅफर्ड याच्याकडे आला. १९५५ आणि १९५६ ला मेमोरियल कप पुन्हा गावात आला. १९६१ मध्ये स्माइथ यांनी क्लबवरचा ताबाही मुलाला आणि त्याच्या भागीदारांना विकला. १८ नोव्हेंबर १९८० रोजी ते वारले.

व्यावसायिक दुय्यम संघ त्यानंतरही बरीच वर्षं बाहेरच होता. शेवटी तर दोन हजार किलोमीटरहून दूर, सेंट जॉन्सला. २००५ मध्ये क्लबने तो टोरांटोत आणला आणि मार्लबोरोजवरून नाव ठेवलं मार्लीज. आता मुख्य संघात कुणी जखमी झाला तर बदली खेळाडू विमानाने नव्हे, गाडीने येतो. या मार्लीजनी २०१८ मध्ये काल्डर कप जिंकला.