अश्रूंपलीकडचे मोसादेक

इराणचे पंतप्रधान डॉ. मोहम्मद मोसादेक १९५१ साली जगासमोर आले ते एका लोखंडी पलंगावरून. पायजम्यात, अंगावर घोंगडी ओढून, उशीला टेकून ते परदेशी वकिलांशी वाटाघाटी करीत; मजलिसमध्ये भाषण करताना त्यांना रडू कोसळे, कधी भोवळ येई. लंडन आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांना एवढे साहित्य पुरेसे होते. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने १९५२ च्या आरंभी त्यांना वर्षाचा मानकरी ठरविले खरे, पण मजकुराचा सूर उपहासाचा होता. एक विक्षिप्त, रडवा म्हातारा पाश्चात्त्य जगाचे तेल अडवून बसला आहे, अशी ही प्रतिमा होती.

मोहरमच्या दिवसांत जेथे हुसेनच्या हौतात्म्याची नाट्ये गावोगावी होतात आणि थोर-लहान सारे उघड रडतात, त्या शिया समाजात पुरुषाच्या डोळ्यांतले पाणी दुबळेपणाचे लक्षण नव्हे, हे या वार्ताहरांना कोणी सांगितले नसावे. अन्याय सोसणाऱ्याविषयीचे दुःख उघडपणे दाखविणे हा तेथे सार्वजनिक जीवनाचा भाग आहे. शिवाय मोसादेक यांची प्रकृती तरुणपणापासून खरोखरच नाजूक होती. आजाराचा त्यांनी राजकारणात उपयोग करून घेतला नाही असे म्हणता येणार नाही. पण केवळ सोंग म्हणून त्याची वासलात लावणाऱ्यांना त्या पलंगावर पडलेल्या माणसाच्या डोक्यातील कायद्याची जाण दिसली नाही, आणि ती त्यांना महागात पडली.

मोसादेक यांचा जन्म १८८२ साली तेहरानमधील अत्यंत वरच्या वर्तुळात झाला. आई काजार राजघराण्यातील, वडील राज्याच्या महसुली खात्याचे प्रमुख. आपल्याकडील फडणिसांप्रमाणे हिशेबाची विद्या त्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेली. वडील लवकर वारले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा खोरासान प्रांताचा महसुली हिशेबनीस झाला. कोवळ्या वयात त्याने दरबारी राज्यकारभारातील लाचलुचपत आतून पाहिली. १९०६ मध्ये घटनात्मक क्रांतीने इराणला पहिली मजलिस मिळाली, तेव्हा ते इस्फहानमधून निवडून आले. पण वय तिशीच्या आत असल्याने त्यांना जागा घेता आली नाही. नंतर ते पॅरिसला गेले आणि पुढे स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातून १९१४ मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय शिया धर्मशास्त्रातील मृत्युपत्राचा कायदा हा होता. युरोपात जाऊन त्यांनी अभ्यास केला तो आपल्याच परंपरेचा, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

१९१९ च्या करारान्वये इराणचे लष्कर आणि तिजोरी ब्रिटिश सल्लागारांच्या हाती देण्याचा घाट घातला गेला. मोसादेक यांनी त्याविरुद्ध स्वित्झर्लंडमधून मोहीम चालविली. मायदेशी परतल्यावर प्रांताधिपती, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री अशी पदे त्यांनी अल्पकाळ भूषविली. १९२५ मध्ये रेझाखान या सेनानीला शहा करण्याचा ठराव मजलिसपुढे आला. विरोधात उभे राहिलेल्या मूठभर सभासदांत मोसादेक होते. त्यांचा युक्तिवाद अस्सल वकिली होता. घटनेप्रमाणे राजाने राज्यकारभार करावयाचा नसतो. तेव्हा रेझाखान राजा होऊन घटना पाळणार असतील तर देश एका कर्तबगार पंतप्रधानाला मुकेल, आणि राजा होऊनही सत्ता चालविणार असतील तर ती हुकूमशाही होईल. या पेचाला उत्तर नव्हते, म्हणून बहुमताने उत्तर न देताच ठराव संमत केला.

त्यानंतर मोसादेक यांनी राजकारण सोडले आणि तेहरानच्या पश्चिमेला असलेल्या अहमदाबाद या आपल्या खेड्यात ते शेती पाहू लागले. (गुजरातच्या अहमदाबादशी या गावाचे केवळ नामसाम्य.) १९४० मध्ये कोणतेही कारण न देता त्यांना अटक करून पूर्वेकडील बीरजंदच्या तुरुंगात धाडण्यात आले. वडिलांना नेताना पाहून त्यांच्या धाकट्या मुलीच्या मनावर असा आघात झाला की, पुढील आयुष्याचा बहुतेक काळ तिला स्वित्झर्लंडमधील मनोरुग्णालयात काढावा लागला. काही महिन्यांनी त्यांची गावी रवानगी झाली ती युवराज मोहम्मद रेझा यांनी रदबदली केल्यामुळे. याच युवराजाशी त्यांची पुढे गाठ पडावयाची होती.

१९४१ मध्ये ब्रिटिश आणि रशियन सैन्ये इराणमध्ये घुसली, रेझा शहांना सिंहासन सोडावे लागले आणि मोसादेक मजलिसमध्ये परतले. परकीयांशी तेलाच्या मक्त्याची बोलणी करण्यास मंत्र्यांना मनाई करणारा कायदा त्यांनी १९४४ मध्ये मांडून घेतला. त्यावेळी मक्ता मागत होते रशियन. तेव्हा मोसादेक यांचा रोख केवळ ब्रिटिशांवर होता किंवा ते साम्यवाद्यांच्या कलाने चालत होते, हे पुढे करण्यात आलेले आरोप टिकत नाहीत.

तेलाचे मूळ दुखणे १९०१ सालचे. काजार शहाने डार्सी नावाच्या गृहस्थाला साठ वर्षांचा मक्ता दिला. इराणचा वाटा निव्वळ नफ्याच्या १६ टक्के. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. १९३३ च्या कराराने मक्त्याची मुदत १९९३ पर्यंत लांबली. नफा किती हे कंपनी ठरविणार आणि वह्या इराणला दाखविणार नाही, असा व्यवहार! ब्रिटनला कंपनीकडून मिळणारा कर इराणला मिळणाऱ्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक असे. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना जगातील सर्वांत मोठा. तेथे आरंभीच्या काळात मुंबईमार्गे भरती केलेले हिंदी मजूर आणि कारागीरही मोठ्या संख्येने राबले. साहेबांसाठी हिरवळी आणि पोहण्याचे तलाव, तर इराणी मजुरांसाठी कागझाबाद नावाची झोपडपट्टी. १९५० मध्ये अमेरिकन कंपन्यांनी सौदी अरबस्तानला निम्मा नफा देऊ केला, तेव्हाही ब्रिटिश कंपनीला शहाणपण सुचले ते फार उशिरा.

मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलउद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाला मान्यता दिली आणि एप्रिलअखेर मोसादेक पंतप्रधान झाले. हे राष्ट्रीयीकरण म्हणजे लूट नव्हती. कंपनीच्या दाव्यांच्या भरपाईसाठी तेलाच्या उत्पन्नातील २५ टक्क्यांपर्यंत रक्कम राखून ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती. ब्रिटनने प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला. मोसादेक स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि समितीने निर्णय पुढे ढकलला. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांनी असा मुद्दा मांडला की, वाद एका राष्ट्राचा एका कंपनीशी आहे, दोन राष्ट्रांमधील नव्हे. सबब न्यायालयाला अधिकारच नाही. जुलै १९५२ मध्ये न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी ते मान्य केले. बहुमतात ब्रिटिश न्यायाधीश मॅकनेअर हेही होते, हे विशेष.

निकालाच्या आदल्याच दिवशी, २१ जुलै रोजी, तेहरानच्या रस्त्यांत रक्त सांडले होते. युद्धखाते आपल्याकडे असावे या मागणीला शहाने नकार देताच मोसादेक यांनी राजीनामा दिला होता. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात अनेक जण पडले आणि शहाला त्यांनाच परत बोलवावे लागले. इराणी पंचांगाप्रमाणे ती ३० तीर.

तेथून उतरणही सुरू झाली. ब्रिटिश नाकेबंदीमुळे तेलाला गिऱ्हाईक मिळेना. इराणी तेल नेणारे 'रोझ मेरी' जहाज एडनला अडविले गेले. जागतिक बँकेने सुचविलेली तात्पुरती तडजोड मोसादेक यांनी नाकारली. ती स्वीकारली असती तर श्वास घेण्यास अवधी मिळाला असता, हा टीकाकारांचा आक्षेप झटकून टाकता येत नाही. आयातुल्ला काशानी यांच्यासारखे जुने साथीदार दुरावले. आपल्यावर तुटून पडणाऱ्या वृत्तपत्रांवर खटले भरू नयेत असा आदेश देणारा हा पंतप्रधान मजलिसकडून विशेष अधिकार घेऊन वटहुकमांनी राज्य करू लागला. ऑगस्ट १९५३ मध्ये मजलिस बरखास्त करण्यासाठी त्यांनी सार्वमत घेतले, त्यात होकार आणि नकार यांच्या पेट्या वेगळ्या ठेवल्या होत्या. मतदान गुप्त राहिले नाही. १९२५ साली घटनेचे कलम न् कलम मांडणाऱ्या माणसाने हे करावे, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद घटना. परकीय पैसा सभासद विकत घेत होता हे खरे; पण त्यामुळे सार्वमताची रीत योग्य ठरत नाही.

शत्रू मात्र घटनेची चिंता करीत बसले नव्हते. ब्रिटिश वकिलात १९५२ मध्येच बंद झाली होती, म्हणून कामगिरी अमेरिकन गुप्तहेर खात्याने अंगावर घेतली. १५ ऑगस्टच्या रात्री बडतर्फीचे फर्मान घेऊन आलेल्या कर्नल नसिरी यांनाच अटक झाली आणि शहा बगदादमार्गे रोमला पळाले. चार दिवसांनी विकत घेतलेले जमाव आणि रणगाडे यांनी डाव उलटविला. मोसादेक यांच्या घरावर तोफा डागण्यात आल्या, जनरल झाहेदी पंतप्रधान झाले. अमेरिकन खात्याने आपला हात अधिकृत कागदपत्रांतून मान्य केला तो २०१३ मध्ये, साठ वर्षांनी. १९५४ च्या नव्या करारात जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के आणि अमेरिकन कंपन्यांनाही तितकाच वाटा मिळाला. तोफखान्याची किंमत अशी वसूल झाली.

लष्करी न्यायालयापुढे मोसादेक यांनी हेगमधलाच मुद्दा काढला : या न्यायालयाला पंतप्रधानाचा न्याय करण्याचा अधिकार नाही. येथे ऐकणारे कोणी नव्हते. तीन वर्षांचा एकांतवास त्यांनी भोगला. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना १९५४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा संपली तरी सुटका नव्हती. अहमदाबादच्या घराभोवती पहारा बसला. तेथे ते आठवणी लिहीत आणि आसपासच्या खेडुतांना औषधे देत. १९६५ मध्ये पत्नी गेली. ५ मार्च १९६७ रोजी, आईने स्थापन केलेल्या तेहरानच्या नजमिये रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ३० तीरच्या हुतात्म्यांशेजारी आपल्याला पुरावे, ही त्यांची इच्छा शहाने नाकारली. घरातल्याच जेवणाच्या खोलीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

शहा इराण सोडून गेल्यावर, ५ मार्च १९७९ रोजी, प्रचंड जनसमुदाय तेहरानहून त्या खेड्यात लोटला. राजधानीच्या सर्वांत लांब रस्त्यावरील पहलवी हे नाव पुसून मोसादेक यांचे नाव लावण्यात आले. पण नव्या सत्ताधाऱ्यांनाही हा धर्मसत्तेपासून दूर राहणारा कायदेपंडित मानवणारा नव्हता. रस्त्याचे नाव लवकरच पुन्हा बदलून वलीअस्र झाले. तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा दिवस मात्र इराणमध्ये सार्वजनिक सुट्टीचा राहिला.