अजब रणगाड्यांचे सेनापती : पर्सी होबार्ट

ब्रिटिश लष्करातील चिलखती अभियांत्रिकी वाहनांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या मेजर जनरल सर पर्सी होबार्ट यांचा जन्म १४ जून १८८५ रोजी नैनिताल येथे झाला. १९०४ मध्ये ते रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाले आणि पुढे भारतात बंगाल सॅपर्समध्ये रुजू झाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२३ मध्ये, त्यांनी रणगाडा दलाची वाट धरली. क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात त्यांनी अध्यापनही केले.

१९३८ मध्ये इजिप्तमध्ये त्यांनी जी चिलखती डिव्हिजन घडविली, तीच पुढे 'डेझर्ट रॅट्स' म्हणून गाजली. मात्र स्वभाव तापट आणि मते ठाम. वरिष्ठांशी खटके उडाले व १९४० मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. हा सेनानी मग गावच्या स्वयंसेवक दलात साधा लान्स कॉर्पोरल म्हणून दाखल झाला! पंतप्रधान चर्चिल यांनी हस्तक्षेप करून त्यांना परत बोलाविले.

ऑगस्ट १९४२ मध्ये दिएप येथील हल्ला फसला. रणगाड्यांची वाट काँक्रीटच्या अडथळ्यांनी रोखली आणि ते सुरुंगाने उडविण्यासाठी उघड्यावर धावणारे अभियंते गोळीबारात पडले. अभियंत्याला चिलखताआडून काम करता आले पाहिजे, हा त्याचा धडा होता. १९४३ मध्ये ७९ व्या आर्मर्ड डिव्हिजनवर हेच काम सोपविण्यात आले. नमुना वाहने बनवायची, किनाऱ्यावर तपासायची, मोडली की पुन्हा बनवायची. सर्वच कल्पना होबार्ट यांच्या नव्हत्या; तरंगणारा 'डीडी' रणगाडा निकोलस श्ट्राउसलर यांचा होता. 'क्रॅब' फिरत्या साखळ्यांनी जमीन झोडपून सुरुंग फोडी. 'एव्हीआरई' हा चर्चिल रणगाडा २९० मिलिमीटरच्या उखळी तोफेने काँक्रीट फोडी. तिच्यात गोळा भरताना मात्र सैनिकाला हात बाहेर काढावे लागत.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ब्रिटिश व कॅनेडियन किनाऱ्यांवर या वाहनांनी वाटा मोकळ्या केल्या. अमेरिकनांनी प्रामुख्याने तरंगते रणगाडेच स्वीकारले होते. ओमाहा किनाऱ्यासमोर एका बटालियनने खवळलेल्या समुद्रात सोडलेल्या २९ पैकी २७ रणगाडे बुडाले. तेथील जीवितहानीचा दोष इतर वाहनांच्या अभावावर कितपत ठेवावा, याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. तेथील उंच कडे आणि कडवा बचावही विसरता येत नाही.

मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदी ओलांडतानाही या डिव्हिजनची वाहने पुढे होती. युद्धानंतर ती विसर्जित झाली. होबार्ट यांचे निधन १९ फेब्रुवारी १९५७ रोजी झाले.