माणसाला न भिणारे खोकड

कुत्रा, गाय, डुक्कर, घोडा, ससा हे काही एकमेकांचे जवळचे नातलग नव्हेत. तरीही माणसाच्या दाराशी आल्यावर त्यांच्यापैकी अनेकांत काही बदल सारखेच झाले. कान लोंबू लागले, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे उमटले, काहींच्या शेपट्या वळल्या, तोंडे आखूड झाली आणि ठरावीक ऋतूतच माजावर येण्याचे बंधन सैल पडले. रानात राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांत हे सहसा दिसत नाही. या साम्याने चार्ल्स डार्विनलाही विचारात पाडले होते. याचे उत्तर शोधण्यासाठी ज्या रशियन जनुकशास्त्रज्ञाने आयुष्याची शेवटची पंचवीसहून अधिक वर्षे खर्ची घातली, त्यांचे नाव दिमित्री कॉन्स्टँटिनोविच बेल्याएव. त्यांनी या कामासाठी निवडलेला प्राणी होता खोकड.

इथे नावाचा थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठीत कोल्हा म्हणतात तो प्राणी कुत्रा आणि लांडगा यांच्या कुळातला. खोकड हा त्याहून लहान, झुपकेदार शेपटीचा प्राणी, आणि त्याची शाखा वेगळी. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसतो तो भारतीय खोकड. युरोप, रशिया आणि उत्तर अमेरिकेत असतो तो तांबडा खोकड. या तांबड्या खोकडाचीच काळ्या-रुपेरी रंगाची जात मौल्यवान फरसाठी पिंजऱ्यात पाळली जात असे. बेल्याएव यांचे काम या रुपेरी खोकडांवर झाले.

भावाचा मृत्यू आणि विज्ञानावरची बंदी

बेल्याएव यांचा जन्म १९१७ सालचा, रशियन क्रांतीच्या वर्षातला. कोस्त्रोमा प्रांतातल्या प्रोतासोवो या खेड्यात त्यांचे वडील चर्चचे धर्मगुरू होते. नव्या राजवटीत धर्मगुरूचे घर ही संशयाची जागा होती. थोरला भाऊ निकोलाय जनुकशास्त्रज्ञ झाला. त्याने रेशीमकिड्यांवर संशोधन केले आणि धाकट्या दिमित्रीला या विषयाची गोडी लागली ती त्याच्यामुळे. १९३७ साली, स्टालिनच्या दडपशाहीचा कहर चालू असताना, निकोलायला अटक झाली आणि त्याच वर्षी त्याला गोळी घालण्यात आली.

पुढच्याच वर्षी दिमित्री इवानोवो येथील कृषी संस्थेतून पदवीधर झाले आणि मॉस्कोतल्या फर-प्राण्यांच्या पैदाशीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. १९४१ साली युद्ध आले. साधा सैनिक म्हणून आघाडीवर गेलेले बेल्याएव जखमा सोसून मेजरच्या हुद्द्यावर परतले आणि पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाले.

तोवर सोव्हिएत संघात जनुकशास्त्राचे दिवस फिरले होते. त्रोफिम लायसेंको या कृषीतज्ज्ञाला मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम मान्य नव्हते. परिस्थिती बदलली की पिकाचा गुणधर्म बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, असा त्याचा दावा होता. त्याला पुरावा नव्हता, पण सत्तेचा पाठिंबा होता. पिकांच्या बियाण्यांचा जगातला एक मोठा संग्रह उभा करणारे निकोलाय वाविलोव १९४३ साली तुरुंगात मरण पावले. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लायसेंकोचे मत अधिकृत ठरले आणि देशभरातल्या जनुकशास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या. बेल्याएव यांचे विभागप्रमुखपदही काढून घेण्यात आले. प्रयोगशाळेतली जागा कशीबशी टिकली.

भाऊ गमावलेल्या माणसाने हा विषय सोडून दिला असता तर कोणी दोष दिला नसता. बेल्याएव यांनी तो सोडला नाही. कामाला शरीरक्रियाशास्त्राचे नाव देऊन ते आनुवंशिकतेचाच अभ्यास करत राहिले. फर हा सोव्हिएत संघाला परकीय चलन मिळवून देणारा माल होता. खोकड शांत झाले तर हाताळणे सोपे जाईल आणि वर्षातून एकाऐवजी दोनदा पिल्ले मिळाली तर उत्पादन वाढेल, हे कारण अधिकाऱ्यांना पटण्यासारखे होते. ते खोटेही नव्हते. त्यामागचा मोठा प्रश्न मात्र उघड बोलता येत नव्हता.

फक्त एकच कसोटी

१९५७ साली सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ अकादेमगोरोदोक ही विज्ञाननगरी उभी राहू लागली. मॉस्कोपासून दूर असल्याने तिथे श्वास घ्यायला थोडी जागा होती. तिथल्या पेशीविज्ञान आणि जनुकशास्त्र संस्थेत बेल्याएव गेले. १९५९ मध्ये ख्रुश्चेव यांच्या रोषामुळे संस्थेचे पहिले संचालक निकोलाय दुबिनिन यांना पद सोडावे लागले. ती जबाबदारी बेल्याएव यांच्यावर आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

त्यांचा तर्क सरळ होता. आदिमानवाने पहिला लांडगा जवळ केला तो त्याचे कान किंवा रंग पाहून नव्हे. जो माणसाला कमी घाबरला आणि कमी चावला, तोच जवळ राहू शकला. म्हणजे निवड झाली ती स्वभावाची. स्वभावामागे संप्रेरके आणि मेंदूतली रसायने असतात, आणि हीच रसायने गर्भाच्या वाढीवरही परिणाम करतात. मग केवळ स्वभावाची निवड केली तर कान, रंग आणि शेपूटही आपोआप बदलायला हवेत.

प्रयोगाची रोजची जबाबदारी त्यांनी मॉस्को विद्यापीठातून आलेल्या ल्युडमिला ट्रूट या तरुण संशोधिकेकडे सोपवली. एस्टोनियातल्या फर-फार्मवरून ३० नर आणि १०० माद्या घेण्यात आल्या. पिल्लू महिन्याचे झाले की जाड हातमोजा घातलेला संशोधक त्याच्यापुढे खाणे धरी आणि त्याला स्पर्श करून पाही. दर महिन्याला ही चाचणी होई. सात-आठ महिन्यांचे झाल्यावर त्याची श्रेणी ठरे. पुढच्या पैदाशीसाठी जास्तीत जास्त पाच टक्के नर आणि वीस टक्के माद्या निवडल्या जात. जवळच्या नात्यात जुगवणे टाळले जाई. कोणत्याही पिल्लाला शिकवले जात नसे, कारण तपासायचा होता तो जन्मजात स्वभाव.

सहाव्या पिढीत काही पिल्ले माणूस दिसताच शेपटी हलवू लागली, कुईं-कुईं करू लागली, हात चाटू लागली. त्यांच्यासाठी नवी, सर्वांत वरची श्रेणी करावी लागली. दहाव्या पिढीत अशी पिल्ले १८ टक्के होती, विसाव्या पिढीत ३५ टक्के. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोचले.

आठव्या ते दहाव्या पिढीपासून शरीरेही बदलू लागली. कपाळावर पांढरा ठिपका, लोंबते कान, वर वळलेली शेपटी दिसू लागली. पुढे काहींचे पाय आणि शेपट्या आखूड झाल्या, कवटीचा आकार बदलला. काही माद्या ठरलेल्या ऋतूबाहेर माजावर आल्या. यांपैकी एकाही गोष्टीसाठी निवड केलेली नव्हती.

रक्तात काय बदलले?

वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा रक्तात होता. संकट दिसले की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ताणाची संप्रेरके सोडतात. बारा पिढ्यांनंतर माणसाळलेल्या खोकडांच्या रक्तातले त्यांचे प्रमाण साध्या खोकडांच्या निम्म्याहून थोडेच अधिक राहिले होते. अठ्ठावीस ते तीस पिढ्यांनंतर ते आणखी निम्म्यावर आले. मेंदूत सेरोटोनिनचे प्रमाण मात्र वाढलेले होते.

पिल्लाच्या वाढीचे वेळापत्रकही सरकले. साध्या खोकडाचे पिल्लू सुमारे सहा आठवड्यांनी अनोळखी गोष्टींना घाबरू लागते. माणसाळलेल्या पिल्लांत ही भीती नऊ आठवड्यांनंतर येई. भीती जागी होण्याआधी जगाची ओळख करून घ्यायला त्यांना तीन आठवडे जास्त मिळत. ट्रूट यांनी माणसाळलेल्या मादीचे गर्भ आक्रमक मादीच्या गर्भाशयात रुजवूनही पाहिले. जन्मलेली पिल्ले आपल्या जनुकीय आईसारखी शांत निघाली. हा गुण आईच्या सहवासातून आलेला नव्हता, तो वारशाने आलेला होता.

१९७४ मध्ये ट्रूट पुशिंका नावाच्या मादीसह फार्मवरच्या एका छोट्या घरात राहायला गेल्या. पुशिंकाने तिथेच पिल्ले दिली, घरात मोकळी वावरली, आणि एका रात्री अनोळखी माणसाची चाहूल लागताच कुत्र्यासारखी भुंकली.

लायसेंकोची सद्दी १९६५ च्या सुमारास संपली. १९७८ साली जनुकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद मॉस्कोत भरली, तेव्हा तिच्या आयोजनाची धुरा बेल्याएव यांच्याकडे होती. ज्या शास्त्रापायी भावाचा जीव गेला, त्याच शास्त्राचे जगभरातले अभ्यासक त्यांच्या देशात पाहुणे म्हणून आले. माणूस आणि प्राण्यांच्या या मैत्रीवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहायचे त्यांच्या मनात होते. ते राहून गेले. नोव्हेंबर १९८५ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

प्रयोग थांबला नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पैशांअभावी खोकडांची संख्या सुमारे ७०० वरून १०० पर्यंत घसरली. ट्रूट यांनी १९९९ साली एका अमेरिकी नियतकालिकात लेख लिहिला आणि मदत मिळाली. २०२४ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामाशी जोडलेल्या होत्या.

या प्रयोगावर आक्षेपही आहेत. एस्टोनियातल्या खोकडांचे मूळ कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फार्मांपर्यंत जाते. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची पैदास चालू होती आणि पांढरे ठिपके तिथेही दिसत. त्यामुळे सगळेच बदल नोवोसिबिर्स्कला नव्याने झाले, असे म्हणता येत नाही. स्वभावाच्या निवडीतून स्वभाव आणि ताणाची संप्रेरके बदलली, हा निष्कर्ष मात्र टिकून आहे. शारीरिक बदलांसाठी २०१४ साली एक स्पष्टीकरण पुढे आले. गर्भातल्या मज्जाशिखेच्या पेशींपासून अधिवृक्क ग्रंथीचा गाभा, त्वचेच्या रंगपेशी आणि जबड्याचे भाग तयार होतात. या पेशी थोड्या कमी पडल्या तर भीती, रंग आणि चेहरा एकाच वेळी बदलू शकतात. हे गृहीतक अजून तपासले जात आहे.

शहर निवड करते तेव्हा

ब्रिटनमधल्या शहरांच्या उपनगरांत तांबडे खोकड १९३० च्या दशकापासून वस्ती करू लागले. तिथे कोणी हातमोजा घालून चाचणी घेत नाही. पण माणसाची चाहूल लागताच दूर पळणारा खोकड उपाशी राहतो आणि थोडा धीट खोकड कचऱ्यातले अन्न खातो. लंडन आणि भोवतालच्या ग्रामीण भागातून १९७० च्या दशकात जमवलेल्या शंभराहून अधिक कवट्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शहरी खोकडांचे तोंड आखूड व रुंद आणि मेंदूची पोकळी लहान आढळली. हे बदल माणसाळलेल्या प्राण्यांशी जुळणाऱ्या दिशेने जातात. म्हणून लंडनचे खोकड पाळीव झाले, असा अर्थ मात्र होत नाही. ते माणसाशेजारी राहायला शिकले आहेत, एवढेच म्हणता येते.

हा फरक मुंबईकरांनाही कामाचा आहे. मुंबई आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या तिवरांत सोनेरी कोल्हे राहतात आणि अधूनमधून वस्तीत दिसतात. २०२४ मध्ये चेंबूर भागातल्या कोल्ह्यांत रेबीजचा संसर्ग आढळला होता. रानटी प्राणी माणसाला घाबरेनासा झाला तर तो लळा लागल्यामुळेच, असे समजू नये. रेबीजमध्येही प्राण्याची भीती जाते, तो दिवसाढवळ्या फिरतो, अंगावर येतो किंवा झोकांड्या देतो.

अशा प्राण्याला खाऊ घालू नये, पिल्लू उचलू नये, उघड्यावर अन्न टाकू नये आणि वनविभागाला कळवावे. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. त्यावर हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रानटी प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरला जातो. त्यासाठी लसीबरोबरच जखमेत रेबीज-प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. वेळेवर घेतलेल्या लशीने तो टळतो.

बेल्याएव यांच्या खोकडांच्या मनातली भीती कमी व्हायला कित्येक पिढ्यांची काटेकोर निवड लागली, आणि तरीही पहिल्या चाचण्या घेणारे हात जाड हातमोज्यांत होते. तिवरातल्या कोल्ह्याची अशी निवड कोणी केलेली नाही. त्याला लांबूनच पाहावे, यातच त्याचे आणि माणसाचे भले आहे.