नवानगरचे बापू

काठेवाडात कच्छच्या आखातालगत नवानगर नावाचे एक संस्थान होते. जामनगर ही त्याची राजधानी. तेथील राजांना जामसाहेब म्हणत. क्रिकेटच्या खेळात जगभर कीर्ती मिळविणारे रणजितसिंहजी हे याच गादीवरचे राजे. त्यांच्या पश्चात इ. स. १९३३ मध्ये त्यांचे पुतणे दिग्विजयसिंहजी जामसाहेब झाले.

दिग्विजयसिंहजींचा जन्म इ. स. १८९५ मध्ये झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडात त्यांचे शिक्षण झाले. नंतर काही वर्षे ते सैन्यात होते. तरुणपणी चुलत्यांबरोबर स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांची पादेरेव्स्की या थोर पियानोवादकाशी ओळख झाली. पादेरेव्स्की हे पोलंडचे सुपुत्र. काही काळ ते त्या देशाचे पंतप्रधानही होते. त्यांच्या सहवासात पोलंडविषयी जी आस्था या राजपुत्राच्या मनात रुजली, तिला पुढे फार वर्षांनी फळ यावयाचे होते.

इ. स. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. लाखो पोलिश लोकांना आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात नेण्यात आले. बर्फात, अर्धपोटी राहून त्यांना कष्टाची कामे करावी लागली. इ. स. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. परंतु दक्षिणेकडे येता येता भुकेने आणि साथीच्या तापाने असंख्य माणसे वाटेतच मेली. मागे उरली ती पोरकी मुले! जगभर युद्ध पेटलेले असताना या मुलांना आपल्या घरात कोण घेणार?

तेव्हा जामसाहेब पुढे आले. त्यांचे संस्थान काही फार मोठे नव्हते. देशात परकीयांचे राज्य होते आणि युद्धामुळे धान्याची व औषधांची चणचण होती. तरीही त्यांनी या मुलांना आपल्या संस्थानात आणण्याचे ठरविले.

मुलांची पहिली तुकडी मालमोटारींतून इराणचे डोंगर व बलुचिस्तानचे वाळवंट ओलांडून, पुढे रेल्वेने, इ. स. १९४२ च्या एप्रिलमध्ये मुंबईस पोहोचली. मुंबईच्या उपनगरात, वांद्रे येथे, त्यांच्या तात्पुरत्या निवासाची सोय केली होती. अंगावर चिंध्या, हातापायांच्या काड्या झालेल्या आणि डोळ्यांत भीती, अशी ती मुले होती. वांद्र्याच्या त्या घरात त्यांना पोटभर अन्न, स्वच्छ कपडे व औषधोपचार मिळाले. हळूहळू त्यांच्या अंगी थोडे बळ आले.

इकडे जामनगरजवळ बालाचडी येथे, समुद्रकाठच्या आपल्या राजवाड्याशेजारी, जामसाहेबांनी मुलांसाठी छावणी उभारली. काही महिन्यांतच मुले तेथे राहावयास गेली. जामसाहेबांनी त्यांचे स्वागत केले आणि सांगितले, की आजपासून तुम्ही पोरके नाही. नवानगरची प्रजा मला बापू म्हणते, म्हणून मी तुमचाही बापू आहे. राजाचे शब्द पुष्कळदा समारंभापुरते असतात. हे शब्द मात्र कृतीत उतरले.

मुलांना झोपावयास स्वतंत्र खाटा मिळाल्या. आजाऱ्यांसाठी दवाखाना झाला, खेळावयास मैदान झाले. शाळाही निघाली, आणि तीत पोलिश शिक्षक पोलिश भाषेतच शिकवू लागले. प्रार्थनेसाठी त्यांच्या धर्माप्रमाणे सोय करण्यात आली. आश्रय देणाऱ्याला आश्रिताने आपल्यासारखे व्हावे असे वाटणे सोपे असते. जामसाहेबांना तसे वाटले नाही. ज्यांचे घर, देश आणि आईबाप हिरावले गेले, त्यांची भाषा तरी त्यांच्यापाशी राहावी, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती. मुले आपली नाटके व नृत्ये करीत, आणि जामसाहेब ती पाहावयास आवर्जून जात.

एकदा तर गंमतच झाली. जेवणात वरचेवर येणारी पालकाची भाजी मुलांना मुळीच आवडेना. त्यांनी एकजुटीने ती खाण्याचे नाकारले. ही वार्ता जामसाहेबांच्या कानी गेली. मुले आता रागावणीची वाट पाहू लागली; पण बापूंनी मुलांचीच बाजू घेतली आणि पालकाची भाजी बंद करविली! उपाशीपोटी जगलेल्या मुलांना आवडनिवड सांगण्याइतका विश्वास वाटू लागला, याचा त्यांना आनंदच झाला असेल.

इ. स. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची दुसरी, याहून मोठी वसाहत झाली. तेथे सुमारे पाच हजार माणसे राहत असत. इ. स. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. पुढे कोणी पोलंडला परतले, तर कोणी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे जाऊन स्थायिक झाले.

इ. स. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि निर्वासितांचा प्रश्न आपल्याच दारी आला. सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी मुलुंड, चेंबूर, कल्याण येथे नव्याने संसार मांडले. वळिवड्याच्या रिकाम्या झालेल्या घरांतही सिंधी कुटुंबे राहावयास आली. तेच आजचे गांधीनगर होय. एका देशाच्या दुःखितांसाठी बांधलेले छप्पर दुसऱ्यांच्या उपयोगी पडले.

स्वातंत्र्यानंतर नवानगर संस्थान सौराष्ट्रात विलीन झाले आणि जामसाहेब सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. इ. स. १९६६ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचे निधन झाले.

बालाचडीची मुले आपल्या बापूंना विसरली नाहीत. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे एका चौकास भल्या महाराजांचे नाव दिलेले आहे, आणि तेथील एक शाळाही जामसाहेबांच्या नावाने चालते. पोलंडने मरणोत्तर त्यांना मोठा सन्मानही अर्पण केला. गादीवर बसलेल्या राजांची नावे इतिहासाच्या पुस्तकात पुष्कळ सापडतात. परंतु दूरदेशीच्या पोरक्या लेकरांनी ज्याला बाप मानले, असा राजा विरळा.