ऑगस्टाचे चढउतार आणि बॉबी जोन्स

दरवर्षी एप्रिलमध्ये दूरचित्रवाणीवर दिसणारे जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनलचे गोल्फ मैदान गालिच्यासारखे सपाट भासते. ती कॅमेऱ्याने केलेली फसवणूक आहे. क्लबहाउसपासून खालच्या ओढ्यापर्यंत जमीन १५० फुटांहून अधिक उतरते, आणि खेळाडूला ती सारी पायी उतरून पुन्हा चढावी लागते. हे मैदान ज्यांनी घडवले, त्या बॉबी जोन्स यांना आयुष्याच्या अखेरच्या दोन दशकांत त्यावर खेळता आले नाही.

१७ मार्च १९०२ रोजी अटलांटात जन्मलेले जोन्स बालपणी प्रकृतीने नाजूक होते. ईस्ट लेक क्लबातील स्कॉटिश व्यावसायिक स्ट्युअर्ट मेडन यांच्या मागे हिंडत, त्यांची नक्कल करत ते खेळ शिकले. पुढे वकिली केली; खेळाडू म्हणून मात्र शेवटपर्यंत हौशीच राहिले. १९३० साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतील खुली व हौशी अशी चारही अजिंक्यपदे त्यांनी एकाच मोसमात जिंकली आणि वयाच्या २८व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली.

ऑगस्टाची बीजे आदल्या वर्षीच्या एका पराभवात होती. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे ते पहिल्याच फेरीत हरले. हाती आलेल्या मोकळ्या दिवसांत ते सायप्रस पॉइंट आणि डोंगरउतारावरचे पासाटिएम्पो या मैदानांवर खेळले. दोन्ही डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांची रचना. निवृत्तीनंतर एका जुन्या रोपवाटिकेची ३६५ एकर जमीन मिळाली, तेव्हा जोन्स यांनी याच डॉक्टरांना पाचारण केले.

दोघांनी वाळूचे खड्डे अवघे बावीसच्या आसपास ठेवले. परीक्षा घेण्याचे काम उतारांवर सोपवले. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे. दहाव्या होलवर उताराची योग्य बाजू पकडणारा चेंडू दूरवर घरंगळत जातो. बाजू चुकली की पुढचा फटका कितीतरी लांबून मारावा लागतो. रुंद मैदानावर नवशिक्याचा चेंडू हरवत नाही, मात्र निष्णात खेळाडूला पहिल्या फटक्यापूर्वीच दुसऱ्याचा विचार करावा लागतो. मार्च १९३४ मध्ये येथे पहिली स्पर्धा झाली. मॅकेन्झी त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. खेळाडूंच्या जड पिशव्या हे चढ चढवणारे कॅडी कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीय खेळाडूला मास्टर्समध्ये खेळण्याची संधी मात्र १९७५ मध्ये, जोन्स यांच्या मृत्यूनंतर मिळाली.

१९४८ ची मास्टर्स ही जोन्स यांची अखेरची. मज्जारज्जूत पोकळी निर्माण करणाऱ्या सिरिंगोमायेलिया या दुर्धर विकाराने त्याच वर्षी त्यांचा खेळ कायमचा थांबवला. शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. आधी काठी, मग कुबड्या, शेवटी चाकांची खुर्ची. तरीही दर वसंतात ते ऑगस्टाला येत. दहाव्या होलजवळच्या त्यांच्या कुटिरात विजेते आणि नवखे खेळाडू भेटीला जात, आणि छोट्या गाडीत बसून ते उतारावरून खेळ पाहत. बोटे वाकडी झाल्यावरही पत्रांना उत्तरे देणे त्यांनी सोडले नाही.

१८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटात त्यांचे निधन झाले. तेथील ओकलंड दफनभूमीतील त्यांच्या साध्या समाधीवर लोक आजही गोल्फचे चेंडू ठेवून जातात.