दहा मार्कांचे भातखंडे

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यायचा नाही असं मी ठरवलंच होतं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याने आपलं सगळ्यात मोठं पुस्तक मराठीत लिहिलं.

तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत असताना गाण्याच्या परीक्षा दिल्या असतील त्यांना विष्णु नारायण भातखंडे हे नाव पाठ असेल. जीवनचरित्र लिहा, दहा मार्क! जन्म अमुक, मृत्यू तमुक, दहा थाट, ग्रंथसंपदा, की झालं. मीही तसंच रट्टा मारून लिहिलं आणि विसरले. बारावीनंतर मात्र त्यांची आठवण झाली. मला बी.ए.ला म्युझिक घ्यायचं होतं आणि घरी सगळ्यांचं म्हणणं असं की गाणं हा काय डिग्रीचा विषय आहे? गाणं शिकायचं ते क्लासला, संध्याकाळी, आवड म्हणून. पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतंच आहे. मी इथे, हार्मोनियम हॉस्टेलच्या कॉटखाली!

पण गाणं हा डिग्रीचा विषय आहे का, याच एका प्रश्नावर एका माणसाने अख्खं आयुष्य खर्च केलं, हे मला परीक्षेत दहापैकी आठ मार्क पडूनसुद्धा कळलं नव्हतं.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. मुंबई विद्यापीठ निघालं होतं १८५७ साली, म्हणजे विद्यापीठ त्यांच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठं. तिथूनच ते १८८५ साली बी.ए. आणि १८८७ साली एलएल.बी. झाले. त्या काळात बी.ए.ला इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत, गणित सगळं होतं. गाणं नव्हतं, आणि ते असावं असं कुणाला वाटतही नव्हतं. चांगल्या घरातला मुलगा सितार शिकतो म्हटलं की लोक काळजीत पडायचे. भातखंडे कॉलेजच्या काळातच सितार शिकत होते. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. ही मुंबईतल्या पारशी मंडळींनी काढलेली संस्था. तिथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून शेकडो ध्रुपदं मिळाली आणि खाँसाहेबांकडून ख्याल. दिवसा कायदा, संध्याकाळी गाणं. आधी डिग्री, मग आवड. घरच्यांचा फॉर्म्युला १३०-१४० वर्षांत बदललेला नाही!

वकिली त्यांनी काही काळ कराचीत केली, मग मुंबईत. ती बरी चालत होती. पण १९०० ते १९०३ या काळात आधी पत्नी गेली आणि मग एकुलती एक मुलगी. त्यानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि हळूहळू वकिलीही सोडून दिली. या प्रसंगावर मी जास्त लिहिणार नाही. पण यानंतरच ते प्रवासाला निघाले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुराई, एट्टयपुरम. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, हैदराबाद. १९०८ च्या सुमारास अलाहाबाद, बनारस, मथुरा आणि पुढे राजस्थान. रेल्वेने जायचं, गावात विद्वान कोण आणि गवई कोण ते विचारायचं, लायब्ररीत जुनी हस्तलिखितं बघायची आणि तयार केलेली प्रश्नांची यादी घेऊन समोर बसायचं. हा राग कुठल्या ग्रंथात आहे? तुम्ही गाता तो तसाच आहे का? नसेल तर का नाही? वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसं. रोज रात्री डायरी लिहायची. त्यांना जे कळलं ते थोडक्यात असं: पंडितांकडे संस्कृत ग्रंथ होते पण त्यातलं संगीत कुणी गात नव्हतं, आणि उस्ताद जे गात होते त्याला ग्रंथ नव्हता. आपल्या भाषेत, मशीन चालू आहे पण ड्रॉइंग नाही, आणि जे ड्रॉइंग आहे ते भलत्याच मशीनचं. भातखंड्यांनी ठरवलं की चालू मशीन खरं धरायचं आणि त्यावरून नवं ड्रॉइंग काढायचं.

आता थाटांबद्दल. हे मला परीक्षेत कुणी समजावलं नव्हतं, इथे सेकंड इयरला परम्युटेशन करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सा आणि प हे दोन स्वर हलत नाहीत. उरलेले पाच, म्हणजे रे, ग, म, ध, नी, यांना प्रत्येकी दोन रूपं. दोनाचा पाचवा घात, झाले ३२ थाट. दक्षिणेत सतराव्या शतकात व्यंकटमखी नावाच्या पंडिताने असाच हिशोब ७२ पर्यंत नेला होता, कारण त्यांच्याकडे रे-ग च्या सहा जोड्या, ध-नी च्या सहा आणि मध्यम दोन: सहा गुणिले सहा गुणिले दोन. भातखंड्यांनी दक्षिणेत हे पाहिलं, आणि परत आल्यावर ७२ नाही, ३२ पण नाही, फक्त दहा घेतले. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. का? तर उत्तरेत लोक प्रत्यक्षात जे राग गातात ते या दहात जवळजवळ बसतात. शुद्ध गणित नाही, प्रॅक्टिकल!

जवळजवळ म्हटलं, कारण सगळे बसत नाहीत. पटदीपमध्ये फक्त ग कोमल, असा थाटच दहात नाही. मग त्याला ओढूनताणून काफीत बसवायचं. त्याहून मजा भूप आणि देशकारची. दोघांचे स्वर अगदी तेच: सा रे ग प ध. हार्मोनियमवर त्याच पाच पट्ट्या. पण भूप संध्याकाळचा, त्याचा जीव गंधारात. देशकार सकाळचा, तो धैवताभोवती फिरतो. भूप गेला कल्याण थाटात, देशकार बिलावलमध्ये, आणि गंमत म्हणजे हे दोन थाट ज्या मध्यमाने वेगळे होतात तो मध्यम या दोघांतही नाही! म्हणजे भातखंड्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं की राग म्हणजे स्वरांची यादी नाही. तरी त्यांनी यादी केली. कारण वर्गात चाळीस मुलं बसलेली असतील तर कुठून तरी सुरुवात करावी लागते.

तेच नोटेशनचं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. साध्या छापखान्यात जुळवता येईल असं. याच लिपीत त्यांनी क्रमिक पुस्तक मालिका काढली, सहा भाग, हजाराहून जास्त बंदिशी.

इथे जरा थांबू. या बंदिशी आल्या कुठून? घराण्यांतून. बंदिश म्हणजे खाँसाहेबांची इस्टेट, ती बापाकडून मुलाकडे जायची, कधी हुंड्यातसुद्धा द्यायचे. मोठमोठे उस्ताद खास चिजा शागिर्दाला वर्षानुवर्षं सेवा केल्याशिवाय सांगायचे नाहीत. भातखंड्यांनी त्या मिळवल्या कशा? कधी शिष्य होऊन. रामपूरच्या नवाबांचं म्हणजे हमीद अली खाँचं शिष्यत्व त्यांनी पत्करलं. कधी मैत्रीने, कधी पैसे देऊन. जयपूरच्या घराण्याकडून तर फोनोग्राफवरसुद्धा रेकॉर्ड करून घेतल्या. आणि मग छापून टाकल्या, कुणीही विकत घ्यावं असं. आपल्याला हे एकदम ओपन सोर्स वाटतं आणि मस्त वाटतं. पण ज्याचं पोट त्याच्यावर होतं त्याला काय वाटलं असेल? मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. चिजा छापल्या नसत्या तर कित्येक गवयांबरोबर गेल्या असत्या, हे खरं. आणि एकदा छापल्यावर लिहितावाचता येणारा तो शिक्षक आणि न येणारा तो फक्त कलाकार, अशी विभागणी सुरू झाली, हेही खरं. भातखंड्यांचं उस्तादांवर प्रेम होतं, पण त्यांच्या अशिक्षितपणाबद्दल ते फटकळ बोलायचे. हे आमच्या परीक्षेच्या पुस्तकात नव्हतं.

अजून एक गोष्ट पुस्तकात नव्हती. १९१० च्या आसपास त्यांनी श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ चतुर पंडित या टोपणनावाने लिहिला. कारण उघड आहे, संस्कृतात असल्याशिवाय विद्वान लोक मानणार नाहीत. मग मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार मोठे भाग लिहिले, गुरू-शिष्यांच्या गप्पांसारखे, आणि त्यात आधार म्हणून कुणाला उभं केलं? चतुर पंडितांना! आज प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असं कराल तर गाईड बाहेर काढतील.

पण पुस्तकांनी डिग्री होत नाही, त्यासाठी संस्था लागते. लाहोरला विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्येच गांधर्व महाविद्यालय काढलं होतं, आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांची गायनशाळा त्याच्याही आधीची, १८८६ ची. सयाजीरावांच्याच आश्रयाने भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पंडित, उस्ताद, संस्थानिक, इंग्रज अधिकारी एका मंडपात. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश २२ श्रुतींचा हिशोब घेऊन आले होते, सोबत खास श्रुतींची हार्मोनियम. त्यावर कडाक्याचा वाद झाला. भातखंड्यांना हा प्रकार मान्य नव्हता. गाणारा गळा काय करतो ते आधी बघा, फ्रिक्वेन्सी नंतर, असा त्यांचा कल. आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांना हे पटणार नाही!

परिषदांमधून त्यांना एक राष्ट्रीय संगीत अकादमी हवी होती. ती त्यांच्या हयातीत झाली नाही. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय झालं. त्यासाठी राजाभैया पूछवाल्यांसारखे तयार गवई मुंबईत भातखंड्यांकडे नोटेशन शिकायला आले. कल्पना करा, मैफली मारणारा माणूस पाटी घेऊन पुन्हा वर्गात! मग १९२४ आणि १९२५ च्या लखनौच्या परिषदा, आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. नाव तिथल्या गव्हर्नरचं, अभ्यासक्रम भातखंड्यांचा. ठरलेली वर्षं, ठरलेले राग, पेपर, प्रॅक्टिकल. शिकवायला तबल्याला आबिद हुसेन खाँ आणि सरोदला सखावत हुसेन खाँ, म्हणजे घराण्याचे उस्तादच. १९२८ पासून प्रिन्सिपल श्रीकृष्ण रातंजनकर. हे भातखंड्यांचे शिष्य, बी.ए. झालेले आणि बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले. दोन्ही बाजू एकाच माणसात.

तिथून चांगले गाणारे किती निघाले आणि नुसते परीक्षा पास झालेले किती, यावर लोक अजून भांडतात. गिंडे, भट, कायकिणी, सुमती मुटाटकर तिथे शिकले हेही खरं, आणि कोर्स पुरा करून मैफलीत दहा मिनिटं न टिकणारेही असणारच. पण आपल्याकडे बी.ई. झालेले सगळे इंजिनिअर असतात का? आणि गाण्याच्या डिग्रीने फक्त गवईच घडवायचा, हे तरी कुणी ठरवलं? इतिहास घेणारा इतिहास घडवत नाही, समजून घेतो. बनारस हिंदू विद्यापीठात १९५० साली ओंकारनाथ ठाकुरांच्या हाताखाली संगीताचं महाविद्यालय निघालं, खैरागडला १९५६ मध्ये संगीताचं स्वतंत्र विद्यापीठच झालं, आणि भातखंडे ज्या मुंबई विद्यापीठात शिकले तिथे संगीत विभाग निघाला १९६९ साली. म्हणजे विद्यापीठ स्थापन झाल्यावर तब्बल ११२ वर्षांनी. मॅरिस कॉलेजला पुढे भातखंड्यांचं नाव मिळालं आणि २०२२ मध्ये ते राज्य विद्यापीठ झालं. त्याची इमारत कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात आहे. नवाबाच्या काळात तिथे बायकांना नाचगाणं शिकवत. त्याच भिंतींमध्ये आता अटेंडन्स घेतात.

भातखंड्यांना हे काही दिसलं नाही. १९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि तीन वर्षं ते अंथरुणावर होते. ज्यांनी अख्खा देश रेल्वेने पालथा घातला ते एका खोलीत. १९ सप्टेंबर १९३६ ला गणेश चतुर्थीच्या दिवशी मुंबईत ते गेले. क्रमिक पुस्तक मालिकेचे शेवटचे भाग तेव्हा अजून छापून यायचे होते.